पॅसेजमधले पोस्टमनकाका

आमच्या केंद्राला दोन दारं आहेत. एक मोठ्या रस्त्यावर, पाटीखालचं. दुसरं मागच्या गल्लीत. तिथे पाटी नाही, बेल नाही, नुसती एक कुंडी आहे आणि तिच्यात काय लावलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही. या दोन दारांच्या मध्ये एक लांबच लांब पॅसेज. आमचं निम्मं काम या पॅसेजमध्ये चालतं म्हटलं तर बाहेरच्या माणसाला पटायचं नाही.

कुटुंबाचं समुपदेशन म्हणजे लोकांना वाटतं, नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. तेही चालतं. हट्टी मुलांचे आईबाप येतात, वयात आलेल्या मुलींच्या आया येतात, 'सून माझ्याशी बोलत नाही' म्हणून सासूबाई येतात आणि तासभर सुनेला बोलू न देता परत जातात. पण शनिवारची सकाळ वेगळी असते. शनिवारी वेगळे झालेले आईबाप मूल सोपवायला येतात. एकमेकांचं तोंड बघायचीही ज्यांची तयारी नाही अशी ही माणसं. म्हणून एकाने पुढच्या दाराने यायचं, दुसऱ्याने मागच्या. मूल मात्र दोघांत एकच. त्याला पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत बोट धरून न्यायचं, तेही आमच्यापैकीच कुणीतरी.

हे बोट गेली सहा वर्षं पोस्टमनकाकांचं आहे.

मी पुढच्या टेबलावर बसते. फोन घेते, वेळा देते, मॅडमचे कागद टाइप करते. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य समुपदेशक, केंद्र त्यांचंच. माझं टेबल पॅसेजच्या तोंडाशीच असल्यामुळे पार टोकापर्यंत काय चाललंय ते मला बसल्या जागी दिसतं. काकांचं पहिलं चालणंही मी असंच पाहिलं. उंच, किडकिडीत माणूस, चौतीस वर्षं पोस्टात काढलेली. पोस्टमन निवृत्त झाला तरी पाय निवृत्त होत नाहीत. पहिल्याच दिवशी चार वर्षांच्या एका मुलाला घेऊन ते असे सुटले की ते मूल मागे पतंगासारखं उडायला लागलं. मॅडम खोलीतून ओरडल्या, "अहो काका, तार नाहीये ती! मूल आहे!"

तेव्हापासून ते हळू चालायला शिकले. "एकटा असलो की एकतीस पावलं," ते मला एकदा म्हणाले. "बरोबर मूल असलं की सत्तर. आणि रुसलेलं असलं की मोजायचं नाही."

आमच्याकडे ते आले काकूंमुळे. काकू म्हणजे त्यांची बायको. जिभेला धार, पण मन लोण्यासारखं. त्या सांगतात, "रिटायर झाल्यावर तीन महिने हे घरातल्या घरात बटवडा करत होते. स्वयंपाकघरातली बरणी हॉलमध्ये, हॉलमधला पेपर गॅलरीत. शेवटी मीच म्हटलं, एकतर तुम्ही कुठेतरी जा, नाहीतर मी जाते."

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस कळणार नाही. तीही काकूंकडूनच ऐकलेली. काकूंच्या भावाचं पोस्टकार्ड आलं, 'आई खूप आजारी आहे, निघून ये.' सकाळी आठला ते काकांच्याच पिशवीत पडलं. वरचा पत्ता काकांच्याच घराचा. पण त्यांचं घर फेरीच्या शेवटच्या टप्प्यात. काका नेहमीसारखे गल्ली गल्ली वाटत वाटत दुपारी एकला स्वतःच्या दारात पोचले, कार्ड बायकोच्या हातात दिलं आणि पुढच्या घराकडे वळले. कार्डावरचा मजकूर उघडा होता, पण त्यांनी वाचलाच नव्हता.

"पाच तास माझी आई यांच्या खांद्यावर लटकत होती आणि यांना पत्ता नाही!" काकू अजून म्हणतात. आई बरी झाली म्हणून त्या हे हसून तरी सांगतात. काका मात्र गंभीर होऊन म्हणतात, "आपल्या घरचं म्हणून आधी द्यायचं नसतं. आणि दुसऱ्याच्या नावाचं वाचायचं नसतं."

अशा माणसाला आम्ही नेमलं ते कशावर? तर इकडचं तिकडे न पोचवण्यावर. केंद्राचा तो पहिला नियम. पुढच्या खोलीतलं एक अक्षर मागच्या खोलीत न्यायचं नाही. आईबाप प्रयत्न करतातच. "त्यांना म्हणावं, स्वेटर धुवून पाठवत जा." "तिला विचारा, हे नवे बूट कुणी घेतले?" काका ऐकून घेतात आणि एकच उत्तर देतात, "मॅडमशी बोला." चेहरा असा कोरा, की समोरच्याला वाटावं, आपण चुकीच्या खिडकीवर उभे राहिलो.

दुसरा नियम रजिस्टरचा. मूल कसं आलं, कसं गेलं, बरोबर काय होतं, हे काका रजिस्टरमध्ये लिहितात. मॅडमनी बजावलेलं आहे, दिसलं ते लिहायचं, ऐकलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. काकांचं अक्षर मोत्यासारखं. टाइप करताना मला कधी अडत नाही.

मुलांना ते त्यांच्या चालीवरून नावं देतात. एक आहे घोडा, एक आहेत मंत्रीसाहेब, कारण ते हात मागे बांधून चालतात. आणि एक आहे मोजणीबाई. सात वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पॅसेजमधल्या फरशा मोजत मोजत चालायची. फरशीच्या सांध्यावर पाय पडला तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात. जमिनीची मोजणी करणाऱ्यांचा कारभार असाच चालतो म्हणून काकांनी हे नाव दिलं आणि तिलाही ते पसंत पडलं.

तिची आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस. नीटनेटकी, मोजकं बोलणारी. मुलीला दर शनिवारी दहाला पुढच्या दाराने घेऊन यायची आणि काका परत येऊन "निघाले" म्हणेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत बसायची. तशी पद्धतच आहे, म्हणजे रस्त्यात समोरासमोर गाठ पडत नाही. वडील चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. जाडजूड, मोठ्याने हसणारा माणूस. दहाची वेळ दिली की सव्वानऊलाच मागच्या दाराशी हजर. वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं. मुलगी शनिवारी जायची, रविवारी संध्याकाळी उड्या मारत परत यायची.

मग शाळेच्या सुट्टीनंतर तिचं पोट दुखायला लागलं.

पहिल्या शनिवारी कुणी फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या शनिवारी ती पॅसेजच्या मध्यावर थांबली आणि पोट धरून खाली बसली. चौथ्या शनिवारी वडिलांच्या दारापाशी रडली. आणि रविवारी परत येताना? ठणठणीत! डॉक्टरांना काही सापडेना. आईने डॉक्टर बदलला, त्यालाही सापडेना.

पाचव्या शनिवारी मुलगी मागे गेल्यावर आई माझ्या टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? मुलं उगीच पोट दुखतं म्हणतात का हो?"

"कधीकधी म्हणतात," मी म्हटलं.

"फक्त बापाकडे जाताना?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. नको नको ते मनात येतं. तिला विचारलं तर म्हणते, काही नाही. काही नाही म्हणजे काय असतं हो?"

तिच्या वकिलाने सांगितलं होतं, कोर्टात अर्ज करू आणि वडिलांकडे जाणं थांबवू. त्या अर्जासाठी आमच्या मॅडमचं लेखी मत मंगळवारपर्यंत हवं होतं. मॅडमनी 'थांबवा' लिहिलं असतं तर मुलगी आणि बाप यांच्यामध्ये निदान सहा महिने भिंत उभी राहिली असती. मॅडम मुलीशी खेळाच्या खोलीत दोनदा बोलल्या. मुलगी चित्रं काढायची, बाबा आवडतो म्हणायची आणि शनिवारचं नाव निघालं की गप्प बसायची.

आता जे सांगते ते मला नंतर कळलं, पण घडलं त्या जागीच सांगितलेलं बरं. तिसऱ्या शनिवारी मोजणीबाई पॅसेजमध्ये थांबली होती तेव्हा तिने काकांना विचारलं होतं, "काका, तुम्ही लोकांची पत्रं वाचायचा?"

"नाही."

"उघडी असली तरी?"

"उघडी असली तरी."

"मग तुम्हाला एक सांगते. पण कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, बाबाला नाही, मॅडमना नाही, आणि त्या टाइप करणाऱ्या मावशींना तर मुळीच नाही."

मावशी म्हणजे मी. 'मुळीच' का, ते मी पुढे तिला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या बोटांतून सगळं कागदावर येतं." खरं आहे म्हणा.

तर तिने सांगितलं ते एवढंच. बाबा तिला इथून थेट पोहायला शिकायला नेतो. तिथे पाय खाली लागत नाहीत, शिकवणारे सर मध्येच हात सोडतात आणि नाकात पाणी जातं. बाबा काचेमागे बसून अंगठा दाखवतो. तो इतका खूश असतो, की त्याला नाही म्हणवत नाही. आणि आईला सांगायची सोय नाही, कारण बाबा म्हणालाय, नीट यायला लागलं की आईला एकदम दाखवू. शिवाय आईला कळलं तर आई बाबाला ओरडेल आणि मग बाबाचा शनिवारच जाईल.

काका म्हणाले, "बरं. नाही सांगत."

आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ते पोटात ठेवलं. रजिस्टरात त्या दिवशी लिहिलं, 'पॅसेजमध्ये थांबली. पोट दुखतं म्हणाली. पाच मिनिटांनी निघाली.' दिसलेलं सगळं लिहिलं, पण ऐकलेल्यातलं तेवढं लिहिलं नाही.

गुरुवारी मॅडमनी मला पाचही शनिवारच्या नोंदी एका कागदावर उतरवायला सांगितल्या. मी टाइप करत होते तेव्हा काका मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घालून, तेलाचा डबा हातात घेऊन पुढे आले.

"आज काय चाललंय?"

"तुमचंच साहित्य उतरवतेय," मी म्हटलं आणि वाचून दाखवलं. 'पोट दुखतं म्हणाली. खाली बसली. चालायला तयार नव्हती. वडिलांच्या दारापाशी रडली. वडिलांनी हात पुढे केल्यावर मागे सरकली.' पाच शनिवार, एकाखाली एक.

काका उभेच राहिले. "हे नुसतं वाचलं तर काय वाटतं हो?"

मला फिरवून बोलता येत नाही. मी म्हटलं, "मुलगी बापाला भितेय असं वाटतं."

"आणि मग मॅडम काय लिहिणार?"

"दुसरं काय लिहिणार? भेट थांबवा म्हणून लिहितील."

त्यांनी तेलाचा डबा माझ्या कागदांवरच ठेवला. तो माणूस टेबलावर धूळ बसू देत नाही, आणि मॅडमच्या पत्रावर तेलाचा गोल डाग पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चहाही न घेता निघून गेले.

शुक्रवारी मी कुलूप उघडायला आले तर काका पायरीवर बसलेले. रात्री जेवले नव्हते. काकूंनी ताटाकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं होतं, "आज परत कुणाची आई खांद्यावर घेऊन फिरताय?"

"तिला मी काही बोललो नव्हतो," काका मला म्हणाले. "तरी कसं कळतं हो बायकांना?"

"तुमच्या चेहऱ्यावरचं पोस्टकार्ड त्या वाचतात," मी म्हटलं.

मॅडम आल्या आल्या काका त्यांच्या खोलीत गेले. मजकूर घ्यायला मी तिथेच होते. काका बसले नाहीत.

"मॅडम, माझ्याकडे एक गोष्ट आहे. तुमच्या नावाची नाही, पण तुम्हाला लागणार आहे. मोजणीबाईची."

मॅडमनी चष्मा काढला. "आधी एक सांगा. सरळ उत्तर द्या. कुणी तिला त्रास देतंय? हात लावतंय? मारतंय?"

"नाही. तसलं काही नाही. देवाशपथ."

मॅडमनी डोळे मिटून श्वास सोडला.  "मग सांगा."

"तिला शब्द दिलाय, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"काका!" मॅडम सहसा आवाज चढवत नाहीत. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? इथे मुलाला असा शब्द द्यायचा नाही. आपल्याला देताच येत नाही तो. आज तुमच्याकडे साधी गोष्ट आहे. उद्या साधी नसेल, आणि तीही तुम्ही अशीच दाबून ठेवाल."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून भागत नाही. त्या बापाचं काय व्हायचं होतं मंगळवारी?"

काका खाली मान घालून म्हणाले, "उद्या शनिवार आहे. मी तिला विचारतो. तिने स्वतः सांगितलं तर उत्तम. नाही म्हणाली तर मी तुम्हाला सांगेन, आणि सांगितलं हे तिलाही सांगेन."

"ती नाही म्हणाली तरी?"

"तरी. बाप जातोय तिचा."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मी पॅसेजमध्ये उभी राहणार. आणि तुम्ही," हे मला, "वही घेऊन माझ्या मागे. तिचे शब्द जसेच्या तसे हवेत मला. सुधारायचे नाहीत." शाळेत माझं शुद्धलेखन चांगलं होतं, त्यामुळे मॅडमना ही धास्ती कायम असते.

शनिवारी सकाळी मी देवापुढे हात जोडले तेव्हा नेहमीसारखं घरच्यांसाठी काही मागितलं नाही. त्या पोरीच्या तोंडून शब्द फुटू दे, एवढंच म्हटलं.

दहा वाजता आईने मुलीचा हात काकांच्या हातात दिला. मुलीचा चेहरा पांढराफटक. निम्म्या पॅसेजपर्यंत ती चालली आणि थांबली. काका तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचे गुडघे इतक्या मोठ्याने वाजले की मॅडमच्या मागे उभ्या असलेल्या मलाही ऐकू आले.

"मोजणीबाई, माझं एक काम चुकलंय," काका म्हणाले. "तू सांगितलेलं मी कुठे लिहिलं नाही. त्यामुळे मोठ्या माणसांना वाटायला लागलंय, तुला बाबाचीच भीती वाटते."

"बाबाची?" ती ओरडलीच. "बाबाची कशाला?"

"तेच तर."

"मग सांगा ना त्यांना, की नाही वाटत!"

"नुसतं नाही म्हणून चालत नाही. पोट का दुखतं, ते विचारतील."

ती फरशीकडे बघत राहिली. "तुम्हीच सांगा."

"मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल. तू सांग. मी शेजारी उभा राहतो. तुला नाहीच जमलं तर मग मी सांगेन, पण तुझ्यादेखत. गपचूप नाही."

"बाबा हिरमुसेल."

"हिरमुसू दे. बापाला तेवढं झेपतं."

ती उठली. त्या दिवशी ती सांध्यांवर पाय देतच चालली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. वडील नेहमीसारखे हात पसरून उभे, पण मागे मॅडम आणि वही घेतलेली मी दिसल्यावर त्यांचं हसू गालावरच राहिलं. मुलगी उंबरठ्यावर थांबली. आणि मग तिने काय केलं, तर बापाकडे पाठ केली, काकांकडे तोंड केलं आणि एका दमात म्हणाली, "काका, मला पोहायला जायचं नाही. माझे पाय खाली लागत नाहीत. ते सर हात सोडतात. माझ्या पोटात शुक्रवारपासूनच दुखतं. आणि बाबाला सांगा की बाबा मला आवडतो, पाणी आवडत नाही."

मी लिहिलं. एक अक्षर सुधारलं नाही.

निरोप पोचवायचा नाही हा नियम. काकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली नाही की डोलावली नाही. काका नुसतं वडिलांना म्हणाले, "ऐकलंत?"

तो जाडजूड माणूस खाली जमिनीवर बसला. तिथूनच म्हणाला, "अगं, पण तू तर काचेतून हसत होतीस."

"तू हसत होतास म्हणून."

"मला कुठे हसायला येत होतं! मला स्वतःला पोहता येत नाही. लहानपणी एकदा पाय घसरला, तेव्हापासून गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरत नाही मी. तुझं तसं होऊ नये म्हणून तुला घातलं. तिथे तुझा टॉवेल आवळून बसलेला असतो, तास संपेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो माझा."

"मग अंगठा कशाला दाखवायचास?"

"तू घाबरू नयेस म्हणून."

ती सावकाश वळली. "तू पण घाबरतोस?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

हे ऐकून ती हसली, म्हणजे आधी नाकातून आवाज आला आणि मग हसली. बापाच्या मांडीवर जाऊन बसली आणि विचारलं, "मग आपण दोघंही नको जाऊया ना?" काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्या घड्याळात बघण्यासारखं काही नव्हतं, ते महिनाभर बंद होतं.

मॅडमनी मात्र वडिलांना सोडलं नाही. "हे तिच्या आईला का सांगितलं नाहीत?"

"तिला सरप्राइज..."

"सरप्राइज एखाद्या खेळण्याचं असतं. मुलाला आईपासून काही लपवायला सांगायचं नाही. चांगली गोष्ट असली तरी नाही. तुमच्या एका गमतीपायी काय काय उभं राहिलं होतं, माहीत आहे?"

"पुन्हा नाही होणार," ते म्हणाले. मुलगी मांडीवर होती, त्यामुळे मान खाली घालायलाही त्यांना जागा नव्हती.

आता आई राहिली. मॅडमनी मुलीला विचारलं, आईला कोण सांगणार? ती म्हणाली, "तुम्ही सांगा. मी शेजारी बसते. पण आधी सांगा की ओरडायचं नाही." तसं झालं. बाहेरच्या खोलीचं दार लावून मॅडम आईसमोर बसल्या, आईच्या शेजारी मुलगी. मी पाण्याचा पेला घेऊन उभी, न जाणो, लागला तर. मॅडमनी आधी ओरडायचं नाही ते सांगितलं, मग बाकीचं सांगितलं, थोडक्यात.

आई म्हणाली, "पोहायला?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"दुसरं काही नाही? एवढंच ना?"

"आई, एवढंच गं," मुलगी म्हणाली. "पण खूप खोल आहे तिथे."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसतेय की रडतेय ते बराच वेळ कळेना. मग मुलीला ओढून घट्ट धरून म्हणाली, "अगं कार्टे, दोन डॉक्टर बदलले मी!" आणि मग, माणूसच ती, तिला राग आला. "आणि त्या माणसाला साधी अक्कल..." मुलीने वर पाहिलं. आई थांबली. "बरं. नाही बोलत." पाणी मी आणलं होतं तिच्यासाठी, ते मीच पिऊन टाकलं.

मॅडम घाईने टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या नाहीत. मुलीशी खेळाच्या खोलीत पुन्हा बोलल्या, आईशी बोलल्या, वडिलांना वेगळं बोलावलं. मंगळवारी त्यांनी मत लिहिलं, ते मीच टाइप केलं. भेटी थांबवण्याचं कारण दिसत नाही, पोहणं बंद, महिन्याने पुन्हा पाहू. आईने अर्ज केलाच नाही. वकील जरा नाराज झाला म्हणे. होऊ दे.

काकांना शिक्षा झाली. नव्या लोकांना मॅडम जे पहिल्या दिवशीचं शिकवतात, त्या वर्गात काकांना पुन्हा बसवलं, सहा वर्षांनी, दोन पंचविशीतल्या मुलींच्या शेजारी. मॅडमनी विचारलं, "मूल म्हणालं, कुणाला सांगू नका, तर काय म्हणायचं?" सगळ्यांत आधी काकांचा हात वर. "म्हणायचं, गरज पडली तर सांगावं लागेल. पण सांगताना तुला सांगून सांगेन." काकूंना मी हे फोनवर कळवलं, तर म्हणाल्या, "पडला का उजेड? चौतीस आणि सहा, चाळीस वर्षं लागली."

त्याच्या पुढच्या शनिवारी मोजणीबाईचं पोट दुखलं नाही. ती काकांना सायकलचं काहीतरी सांगत सांगत पॅसेजमधून गेली. बाबाने तिच्यासाठी जुनी सायकल दुरुस्त करायला घेतली होती, आणि या वेळी ते आईलाही ठाऊक होतं, कारण वडिलांनी मॅडमना फोन करून रीतसर कळवलं होतं. मागचं दार उघडलं, बंद झालं. काका परत पुढे आले. "निघाले" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

आई खुर्चीत झोपली होती. मान भिंतीला टेकलेली, पर्स मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला अडकलेली, तोंड किंचित उघडं. इतकी टापटिपीची बाई, पण एक चप्पल पायातून निघून बाजूला पडली होती. गाढ झोप. बारीक घोरणंही ऐकू येत होतं.

काका माझ्याकडे वाकून कुजबुजले, "उठवू?"

मी वेळा पाहिल्या. पुढचं कुटुंब अकराला होतं. "नको," मी म्हटलं, "झोपू दे बिचारीला." मी फोनचा आवाज बंद केला. काकांनी तिच्या तोंडावर येणारं ऊन अडवायला पडदा ओढला आणि पुढच्या दारात जाऊन उभे राहिले, येईल त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवायला.